दादा, रंजीला सांगतो म्हणाला होतास

दादा, तुझ्या दहाव्याला नदीच्या घाटावर सात जण बोलायला उठले आणि सातही जणांनी तुझ्या नजरेचं कौतुक केलं. गुलाबाच्या खुंटावर कलमाचा डोळा भरावा तर दादांनीच, असं माजी सरपंच म्हणाले. शहात्तराव्या वर्षीही चष्मा नाही, हात कापत नाही, साल उचलून डोळा आत बसवला की पंधरा दिवसांत फूट. तुझे नर्सरीवाले दोस्त म्हणाले, बांधावर उभं राहून सांगायचे कुठलं कलम धरणार आणि कुठलं जाणार. मी बायकांमध्ये बसून मान हलवत होते. आपला भाऊ असा होता याचा अभिमान वाटत होता. पदराने दोन्ही डोळे पुसत होते. डाव्या डोळ्याला दिसत नसलं तरी पाणी त्यालाही येतं.

चार दिवसांनी मला कळलं की जवळजवळ चार वर्षं तुला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता.

वर्षश्राद्धाला तुझा संदीप तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढणार आहे. आत्या, तू दोन पानं लिही, म्हणाला. त्याला देईन काहीतरी लिहून. तू मला सायकलवर बसवून हडपसरला शाळेत सोडायचास, ते लिहीन. हे त्याच्यासाठी नाही. हे मी जाड मार्करने कोऱ्या कागदावर लिहिते आहे, एका पानावर दहा ओळी मावतात, आणि ओळ वर गेली की खाली आली ते मला नीट कळत नाही. असं का लिहावं लागतं, ते तुला मी सांगायला नको.

तेराव्यानंतर सगळे पांगले. संदीप कामावर गेला. वहिनी म्हणाल्या, वन्सं, नर्सरीच्या परवान्याचे कागद लागणार आहेत, त्या शेडातल्या ट्रंकेत असतील, बघता का. मी भिंग घेऊन गेले. तुझ्या शेडात खताचा आणि ओल्या गोणपाटाचा तोच वास होता. ट्रंकेत वर परवाना होता, खाली पावत्या, त्याखाली आईचं एक लुगडं घडी घालून, आणि लुगड्याच्या आत कापडी पिशवी. पिशवीत फाइल.

मी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. कागद कुठल्या खात्याचा आहे हे मला न वाचता कळतं. पहिल्या पानाला दोन फोटो चिकटवलेले होते. नारिंगी गोल, त्यातून पसरलेल्या शिरा, मधोमध फिकट, खरवडल्यासारखा डाग. डोळ्याच्या पडद्याचे असे फोटो माझ्या फाइलीत डझनभर आहेत. मला वाटलं माझेच कागद तुझ्याकडे कसे आले. मग भिंगातून नाव वाचलं. तुझं नाव. दोन्ही डोळे. वयामुळे पडद्याचा मधला भाग झिजणे, कोरडा प्रकार, पुढची अवस्था. आणि तळाला डॉक्टरांच्या हाताने, इंग्रजीत, खाली रेघ मारून लिहिलेलं, की भावंडांना डोळे तपासून घ्यायला सांगावे.

तो कागद तुझ्या नातीच्या, प्राजक्ताच्या लग्नाच्या आधीच्या दिवाळीतला होता. भाऊबिजेच्या आठ दिवस आधीचा.

ती भाऊबीज मला पाठ आहे. मी ओवाळलं, तू पाटावरून उठायच्या आत संदीपने विषय काढला, की नर्सरी आता बंद करू, त्याचं ऑफिस खराडीला, त्याला दोन्हीकडे बघणं होत नाही, आजूबाजूला सगळीकडे इमारती झाल्यात, आपणच तेवढे कुंड्या घेऊन बसलोय. आणि मी, तुझी बहीण, त्याच्या बाजूने बोलले. म्हटलं, दादा, वय झालं आता, किती दिवस करणार, पोरांना ठरवू दे. तू ताटातली करंजी तशीच ठेवून शेडात निघून गेलास. मी वहिनींना म्हटलं, येईल राग गेला की. तू आला नाहीस. मी बसने परत आले.

मग वैशाखात लग्न. हडपसरच्या कार्यालयाच्या दारात तू फेटा बांधून उभा होतास, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत. मी ठरवून आले होते, की आधी तू बोलायचं. सहा महिने तू फोन केला नव्हतास, मीही केला नव्हता. मी मोतिया रंगाचं पातळ नेसून तुझ्यासमोर येऊन उभी राहिले आणि वाट बघत राहिले. तू माझ्याकडे बघितलंस. चांगलं तोंडावर बघितलंस. हात जोडलेस आणि म्हणालास, "या पाहुणं, या. बसा आत." आणि माझ्या मागच्याकडे वळलास.

माझ्या मागे तुझा बियाण्यांचा दुकानदार होता. त्याने "काय दादा" म्हटल्याबरोबर तू त्याला मिठी मारलीस.

दादा, मी त्या दिवशी अक्षता टाकून न जेवता निघाले. मीनलने रिक्षात विचारलं, आई, काय झालं, तर तिलाही सांगता येईना. सख्ख्या भावाने पाहुणं म्हटलं, हे कसं सांगायचं? पुढचे आठ महिने तो शब्द माझ्या कानात होता. मी तुझ्यावर मनातल्या मनात काय काय बोलले असेन. हाच का तो, असं मला वाटायचं, मी डी.एम.एल.टी.ला, प्रयोगशाळेच्या कोर्सला, जाते म्हटल्यावर बाबांसमोर उभा राहून "तिच्या वाटची खुरपणी मी करीन" म्हणणारा? नोकरी लागल्यावर तुला पहिल्यांदा प्रयोगशाळेत नेलं होतं, तुझ्याच बोटातला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. तू डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "एवढ्या थेंबात एवढी मंडई भरलीय व्हय गं?" माझ्या सगळ्या साहेबांमध्ये मला तुझी लाज वाटली नाही, उलट मिरवलं मी तुला. तो माणूस दारात उभा राहून मला ओळख दाखवत नाही, म्हणजे मी मेलेच की त्याला.

आणि तुला फक्त दिसलं नव्हतं. मधोमध चेहऱ्याच्या जागी डाग, आणि कडेने मोतिया पातळ. मी एक शब्द बोलले असते तर तू आवाजावरून ओळखलं असतंस. मी हट्टाने बोलले नाही, तेवढं माझं. पण लग्न झाल्यावर वहिनींनी तुला सांगितलं होतं. वन्सं न जेवता गेल्या, तुम्ही त्यांना पाहुणं म्हणालात. हे वहिनींनीच मला आता सांगितलं. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तुला सगळं माहीत होतं. फोन उचलून "इमल, मला दिसलंच न्हाई गं" एवढं म्हणायला काय लागत होतं? तुला दिसत नाही हे कळण्यापेक्षा, तू मला टाकलंस असं मी समजलेलं तुला चाललं.

त्याच आठ महिन्यांत माझा डोळा गेला.

तो कधी गेला ते मला सांगता येत नाही. एक डोळा जातो तेव्हा दुसरा सगळं सांभाळून घेतो, आपल्याला कळू देत नाही. मी जन्मभर सूक्ष्मदर्शकाला उजवाच डोळा लावला, डाव्याने एकट्याने कधी काही बघितलंच नव्हतं. जानेवारीत एका सकाळी न्हाताना उजव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून बाहेर आले आणि टॉवेल शोधताना डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं. मी ज्या तारखेकडे बघेन ती तारीख नाही. कडेच्या सगळ्या आहेत. नजर हलवली की तो करडा धब्बा त्या तारखेवर. मला आधी वाटलं साबणामुळे. दोन दिवसांनीही तसंच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, पडद्यामागे रक्त साकळलं आहे, ते जुनं आहे, व्रण झाला आहे. हा ओला प्रकार. इंजेक्शनं देऊन बघू, पण गेलेलं फारसं परत येणार नाही. मीनलने तुला कळवलं. मी कळवू नको म्हटलं होतं.

तू दुसऱ्याच दिवशी आलास. रोपं घेऊन येणाऱ्या टेम्पोत बसून मंडईपर्यंत आलास आणि तिथून विचारत विचारत शुक्रवार पेठेत माझ्या घरी. आठ महिन्यांनी. दारात उभा राहून नुसतं "इमल" म्हणालास आणि माझा सगळा राग तिथेच गळून पडला. पहिल्या इंजेक्शनला मीनलला सुट्टी नव्हती, तर तू म्हणालास, मी जातो संगं. पुढच्या दोन्ही वेळांनाही तूच आलास. बाहेरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचास. मी डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी लावून बाहेर आले की उठून माझा दंड धरायचास. जिना उतरताना दर पायरीला थांबायचास. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबतोस.

रिक्षात तू विचारायचास. कसं देतात गं? मी सांगायचे, आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, मग पापण्यांना चिमटा लावतात, मिटताच येत नाही, वर बघा म्हणतात आणि मग नुसता दाब कळतो. नंतर डोळ्यात काळे बुडबुडे तरंगतात. दिवसभर वाळू गेल्यासारखं टोचतं. तू म्हणायचास, आणि दिसतं कसं? मधलंच जातं आणि कडेचं राहतं, असं हाय का? रेघ वाकडी दिसते का? उजेडात जास्त तरास होतो का सावलीत? मी मीनलला म्हटलं होतं, बघ, तुम्ही शिकलेली पोरं बरी हो ना लवकर एवढंच विचारता, दादा बघ किती समजून विचारतो. तू समजून विचारत नव्हतास, दादा. तू आपलं आणि माझं ताडून बघत होतास. आणि मी डोळ्यावर झाकणी लावून तुला उत्तरं देत होते.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना आत बोलावलं. मी खुर्चीवर, तू शेजारच्या स्टुलावर. कागद भरताना त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला हा आजार आहे का? आईवडील, भावंडं? मी म्हटलं, "छे हो. हा माझा थोरला भाऊ. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि अजून चष्म्याशिवाय गुलाबाची कलमं बांधतो." हसून म्हटलं मी. त्यांनीही हसून तुझ्याकडे बघितलं. तू टोपी झटकलीस आणि परत गुडघ्यावर ठेवलीस.

मग त्या म्हणाल्या, तरी तुम्ही भावंडांनी तपासून घ्या, हा घराण्यात येऊ शकतो, लवकर कळलं तर डोळा वाचवता येतो. मी तुझ्याकडे वळून म्हटलं, दादा, ऐकलंस ना, तू पण दाखव आणि आपल्या धाकट्या रंजनाला पण सांगायला हवं. तू म्हणालास, "माझं बघू की. रंजीला मी सांगतो. लोणीला जायचंच हाय मला रोपं घेऊन."

हे तुझे शब्द आहेत. एकही शब्द मी इकडचा तिकडे केलेला नाही. थोरल्याने सांगतो म्हटलं की आपल्या घरात ते काम झालं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. नंतर एकदा फोनवर म्हटलं होतं, रंजना गेली का रे दाखवायला? तू म्हणालास, "सांगितलंय तिला." त्यावर आपण उसाच्या कारखान्याच्या रस्त्याला झालेल्या खड्ड्यांवर बोललो.

त्या दिवशी शेडातून फाइल घेऊन मी घरात गेले आणि वहिनींसमोर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि लसूण सोलायचं थांबवलं नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पैल्यापासून. शप्पत घातली हुती मला."

मग त्या हळूहळू बोलल्या. तू आधी वाहन चालवणं सोडलंस, वाहतूक वाढली म्हणून. मग पेपर सोडलास, त्यात काही नसतं म्हणून. डोळा भरायचं काम तू बोटांनीच करायचास, अंगठ्याच्या नखाने साल चाचपून. पन्नास वर्षांच्या सवयीने ते जमत होतं. रोपांवरची नावं वहिनी लिहायच्या. बांधावरून कलम ओळखायचास, तेव्हा वहिनी आदल्या दिवशी ओळीने फिरून तुला सांगून ठेवायच्या. तुझ्या प्रकाराला इंजेक्शन नव्हतं. गोळ्या आणि रोज बघायला दिलेला चौकटीचौकटींचा तक्ता, एवढंच. तो तक्ता फाइलीत आहे. जिथे रेघा वाकतात तिथे तू बॉलपेनने गोल केले आहेस. दर वेळी गोल मोठा.

"संदीपला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी नर्सरी बंद केली असती," वहिनी म्हणाल्या. "आन तुम्हाला सांगितलं की संदीपला कळणार. तुम्ही त्याच्याच बाजूच्या. त्या भाऊबिजेला हे सांगणारच हुते तुम्हाला. सकाळपासून मला म्हणत हुते, इमल आली की तिला एकटीला शेडात नेतो. तुम्ही आधी बोललात."

ते मला लागलं, दादा. अजून लागतं आहे.

"आणि माझा डोळा गेला तेव्हा?"

"त्या दिशी घरी येऊन जेवले न्हाईत. म्हणाले, आता कुठल्या तोंडानं सांगू."

तू जेवला नाहीस. तुझ्या त्या न जेवण्याचं मी काय करू, ते सांग. प्राजक्ताच्या लग्नात मी जेवले नाही, तू माझ्या डोळ्यासाठी जेवला नाहीस, फिटंफाट झाली असं समजू? एका तोंडी वाक्याचा प्रश्न होता. इमल, एक डोळा झाकून दुसऱ्याने बघत जा रोज. मी प्रयोगशाळेतली बाई, मला पुढचं सगळं समजलं असतं. भाऊबिजेला जमलं नाही, ठीक. मी बोलले, तुला राग आला, ठीक. पण त्यानंतर चौदा महिने होते. तू मनात एका बाजूला तुझी नर्सरी ठेवलीस आणि एका बाजूला माझे डोळे, आणि नर्सरी निवडलीस. ती तुला जिवापाड प्रिय होती हे मला माहीत आहे. मला वाटायचं मीही होते.

पुढच्या तारखेला मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. वर्षभर आधी आले असते तर डावा वाचला असता का? त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, कदाचित बराच वाचला असता, कदाचित थोडाच. पण पुढे तुमच्या उजव्या डोळ्यातही रक्त गळायला लागलं तेव्हा तुम्ही तीन दिवसांत आलात म्हणून तो आज वाचतो आहे, हे मी नक्की सांगू शकते. घरात कोणाला हा आजार होता, ते आठवलं का तुम्हाला? मी म्हटलं, नाही. तुझं नाव माझ्या तोंडून निघेना. मग वर बघा म्हणाल्या आणि मी वर बघितलं. दर सहा आठवड्यांनी ते चालूच आहे, आणि किती दिवस, या प्रश्नाला त्या चालू ठेवायचं एवढंच म्हणतात. त्या दिवशी सुईचा दाब कळला तेव्हा मी मनात तुला जे बोलले ते कागदावर येणार नाही.

घरी आल्यावर मला एकाएकी रंजनाची आठवण झाली. मी तिला फोन केला. रंजी, दादाने तुला डोळे दाखवायला सांगितलं होतं ना, गेली होतीस का? ती म्हणाली, "दादानं? कवा? मला न्हाई कोण काय बोललं."

अडीच वर्षं होत आली होती त्याला. तू महिन्यातून दोनदा लोणीला जायचास. तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायचास.

माझ्याबाबतीत एकवेळ भाऊबीज होती, रागलोभ होता. रंजीने तुझं काय केलं होतं? तिने तुला कधी उलटून उत्तर दिलेलं नाही. तिला सांगायला गेलास की ती विचारणार, मग तू दाखवलेस का रे डोळे? आणि तिच्यासमोर तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तू गप्प राहिलास. माझ्यासमोर येत होतं.

वहिनींनी त्याच आठवड्यात निरोप धाडला होता, की आता कशाला काढता, गेलेल्या माणसाची लाज जाईल, लोक घाटावर काय बोलले आणि तुम्ही काय सांगणार. मी ऐकलं नाही. संदीपला सांगितलं. तो म्हणाला, आत्या, मी नर्सरी बंद करणार म्हणायचो तेव्हा त्यांना दिसत नव्हतं? त्याने तपासणीची वेळ घेतली आहे, लहान वयात काही नसतं तरी जाऊन येतो म्हणाला. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. बोलायच्या तेव्हा बोलतील.

आणि रंजीला मी लोणीहून घेऊन आले. चौसष्टाव्या वर्षी तिला पहिल्यांदा कोणी डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, तासभर बसवलं, फोटो काढले. दोन्ही पडद्यांवर पिवळे ठिपके आहेत. बारीक, सुरुवातीचे. आज काही करायचं नाही, सहा महिन्यांनी यायचं, रोज तक्ता बघायचा, एक डोळा झाकून. रेघ वाकली की त्याच आठवड्यात यायचं. मी त्यांना विचारलं, म्हणजे वेळेत आहे? त्या म्हणाल्या, वेळेत आहे. मला दवाखान्यातच रडू फुटलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं बहिणीच्या आजाराने. त्यांना मी तेव्हा तुझं सांगितलं. त्यांनी माझ्या कागदावर आणि रंजीच्या कागदावर लिहून घेतलं.

रंजीला उजेड सोसत नव्हता. मी तिला खालच्या चहावाल्याकडे सावलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. फाइल, लग्न, पाहुणं, स्टुलावरची टोपी, रंजीला मी सांगतो. काही गाळलं नाही. खरं तर मी वाट बघत होते की तिला राग येईल. मला एकटीला हा राग धरून ठेवायचा कंटाळा आला होता. कोणीतरी माझ्याबरोबर तुला बोल लावायला हवं होतं, आणि तिच्याइतका हक्क कोणाला?

ती पदर डोळ्यांवर धरून बसली होती. चहा निवत चालला होता. मग ती म्हणाली, "विमलताई, चार वरसं दादाला आपलं कुणाचंच तोंड दिसलं न्हाई गं? कसं काढलं असंल त्यानं एकट्यानं?"

दादा, महिनाभर मी तुझी फाइल भिंगाखाली धरून बसले होते. तारखा लावल्या, कोण कधी काय बोललं ते आठवून आठवून लिहून काढलं, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मी तुला माफ केलेलं नाही. पुढच्या भाऊबिजेपर्यंत करीन असंही वाटत नाही. पण काल संध्याकाळी गॅलरीत बसले होते, उजवा डोळा झाकला आणि डाव्याने समोर बसलेल्या मीनलकडे बघितलं. तिचे केस दिसले, कानातलं दिसलं, खांद्यावरची ओढणी दिसली. ती म्हणाली, आई, काय करतेस? मी म्हटलं, बोल काहीतरी, आणि हात काढला नाही. ती बोलत राहिली, आणि तुझी चार वर्षं कशी गेली असतील ते बघत मी तशीच बसून राहिले.